चिंध्यांची गोधडी : हातच्या जोडकामाची रीत आणि हिशेब

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

क्रांती चौकातून सिल्लेखाना ओलांडून पैठण गेटकडे आणि तेथून गुलमंडीकडे निघाले की शहराची जुनी कापडपेठ सुरू होते. साड्यांची दुकाने, कापडाचे ताके, ब्लाऊजपीस, अस्तरे, बटणे-दोरे आणि त्यांच्या आधाराने गल्लोगल्ली बसलेले शिंपी, असा हा सारा व्यवहार आहे. हिमरू आणि पैठणी या दोन वस्त्रांनी या परिसराचे नाव दूरवर नेले. मात्र येथील सर्वसामान्य घरात थंडीच्या रात्री अंगावर ओढली जाई ती गोधडी. ती कोणा विणकराने विणलेली नसे. घरातल्या बाईने जुन्या कापडांच्या तुकड्यांतून ती जोडलेली असे.

शिलाईच्या प्रत्येक दुकानात दिवसअखेर मशीनखाली तुकड्यांचा ढीग साचतो. ब्लाऊजचा गळा कापताना निघालेली चंद्रकोर, बाहीच्या बगलेचा त्रिकोण, सलवारीच्या बाजूची लांब पट्टी. शिंपी त्याला ‘कतरण’ म्हणतात. पूर्वी असे तुकडे ओळखीच्या बायका मागून नेत. आता ते बहुधा घंटागाडीत जातात. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या कचरा डेपोवर गाड्या येऊ देण्यास परिसरातील ग्रामस्थांनी नकार दिला आणि हे शहर कित्येक महिने कचऱ्याच्या ढिगाऱ्यांत राहिले. त्या ढिगाऱ्यांत काय काय होते याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. चिंध्यांची वेगळी चर्चा कोणी केली नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या घरात चिंधी ही कचऱ्यात टाकण्याची वस्तूच नव्हती, हे त्या वेळी फारसे कोणाला आठवले नसावे.

नावे आणि प्रकार

मराठवाड्यात ‘गोधडी’ हा शब्द सर्रास चालतो. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत तिलाच ‘वाकळ’ म्हणतात. हिंदीत ‘गुदडी’ आहे, तर संस्कृतातील ‘कंथा’ या शब्दाचा नातलग बंगालच्या ‘कांथा’मध्ये आजही जिवंत आहे. फाटक्या-तुटक्या कापडांचे थर एकावर एक ठेवून ते टाक्यांनी एकजीव करणे, एवढे या सर्वांत समान आहे.

रजई किंवा दुलई म्हणजे गोधडी नव्हे, हा फरक शहरी वाचकाने लक्षात घ्यावा. रजईत पिंजलेला कापूस भरलेला असतो. तो जागीच राहावा म्हणून दूरदूर टाके घालतात. काही वर्षांनी कापसाचे गोळे होतात आणि पिंजाऱ्याकडे जावे लागते. गोधडीत कापूस नसतो, कापडच असते. थंडी अडते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. सर्व थर जवळजवळच्या टाक्यांनी बांधलेले असल्यामुळे आतले काही सरकत नाही. म्हणूनच गोधडी नदीवर नेऊन दगडावर आपटता येत असे. रजईचे तसे नाही.

तान्ह्या बाळाची लहान, मऊ गोधडी म्हणजे दुपटे. झबली, टोपडी, कुंची यांच्याबरोबर ते बाळंतविड्यात येते. दुपट्यासाठी नवे कापड वापरायचे नाही, हा घरोघरचा दंडक. आजीचे किंवा आईचे धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडेच त्यासाठी काढले जाते. नव्या कापडातील खळ आणि कडकपणा बाळाच्या कातडीला टोचतो, हे त्यामागचे कारण सरळ व्यवहाराचे आहे. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालायची झूलही तुकड्यांच्या जोडकामातून बनते. मराठवाड्यातील तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या वस्त्रांत रंगीत तुकडे, आरसे आणि कवड्या यांचे जे काम दिसते, ते या कलेच्या शेजारचेच. मात्र त्याची रीत व परंपरा स्वतंत्र आहे.

‘चिंधी’ या शब्दाला भाषेने फार मान दिला नाही. क्षुद्र माणसाला ‘चिंधीचोर’ म्हणतात. २०२२ साली निधन पावलेल्या सिंधुताई सपकाळ यांना लहानपणी ‘चिंधी’ या नावाने हाक मारली जाई, कारण ती नकोशी मुलगी होती. दुसरीकडे, १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेणगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी चिंध्या जोडलेले वस्त्र आयुष्यभर अंगावर वागवले आणि लोकांनी त्यांना ‘गोधडे महाराज’ म्हटले. श्रीकृष्णाच्या कापलेल्या बोटासाठी द्रौपदीने भरजरी वस्त्र फाडून चिंधी दिल्याची कथा तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्या कथेतही मोल चिंधीला येते ते वस्त्र फाडणाऱ्या हातामुळे.

तुकड्याला तुकडा

गोधडीचा वरचा, दिसणारा थर दोन रीतींनी तयार होतो. पहिल्या रीतीत तुकडे आधी एकमेकांना जोडून एक सलग कापड बनवतात आणि मग ते खालच्या थरांवर घालतात. दुसऱ्या रीतीत खालचे थर आधी पसरून त्यांवर तुकडे ठेवत, कडा आत दुमडत, सर्व थरांतून थेट टाका घालत पुढे जातात. गावाकडची रोजच्या वापराची गोधडी बहुतेक वेळा दुसऱ्या रीतीची असते. तीत मापाचा हट्ट नसतो; जेथे विरले तेथे ठिगळ, असा कारभार असतो. पहिली रीत अधिक वेळखाऊ, पण नीटस. शिंप्याकडचे लहान तुकडे कामी लावायचे तर तीच सोयीची, म्हणून तिचा तपशील येथे देत आहोत.

कापडाची निवड हे अर्धे काम होय. नवे, खळ असलेले सुती कापड आणि जुने विरलेले कापड शेजारी जोडले, तर पहिल्याच धुण्यात नवे आटते आणि त्याच्या ओढीने जुने फाटते. म्हणून नवे तुकडे आधी भिजवून, उन्हात वाळवून घ्यावे लागतात. जुन्या तुकड्याची परीक्षा उजेडापुढे धरून होते. सूत विरळ दिसले की तो तुकडा वर न लावता आतल्या थरात जातो. जाड जीन, पातळ मलमल आणि सरकणारे रेशीम एकाच कामात घेतले की शिवण कोठे तरी गोळा होते, कोठे तरी ताणते. हे सांगून पटत नाही, एक गोधडी बिघडल्यावरच पटते.

मोठे कापड असेल तर जाणत्या बायका कात्री लावत नाहीत. कडेला छोटी चीर देऊन ते हाताने फाडतात. सुती कापड सुताच्या रेषेतच फाटते, त्यामुळे तुकड्याची बाजू आपोआप सरळ येते. कात्रीने कापलेला तुकडा डोळ्याला सरळ दिसला तरी सुताला तिरका असू शकतो आणि तिरका तुकडा धुतल्यावर ऐंठतो. शिंप्याकडच्या तुकड्यांना मात्र कात्रीच हवी, कारण ते आधीच वेडेवाकडे असतात. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचा साचा करतात. जुनी लग्नपत्रिका या कामाला उत्तम. साडेचार इंचांचा चौकोन कापून तो तुकड्यावर ठेवायचा, सुताची रेषा पाहून फिरवायचा आणि पेन्सिलीने आखून घ्यायचा.

साडेचार इंचच का, याचे उत्तर शिवणीत आहे. दोन तुकड्यांच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवून, कडेपासून पाव इंच आत धावदोरा घालतात. म्हणजे प्रत्येक बाजूचे पाव इंच शिवणीत जाते आणि चार इंचांचा चौकोन दिसत राहतो. असे तीन चौकोन एका ओळीत, अशा तीन ओळी एकमेकींना जोडल्या की एक फुटाचा मोठा चौकोन होतो. पाश्चात्त्य गोधडीकामात त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात आणि नऊ तुकड्यांचा हा ब्लॉक सर्वांत सोपा समजला जातो. गडद आणि फिके तुकडे आलटून पालटून ठेवले की बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी आपोआप उमटते.

दोरा हातभराहून थोडा जास्त, त्यापेक्षा लांब नको. लांब दोऱ्याने वेळ वाचेल असे वाटते. प्रत्यक्षात तो प्रत्येक टाक्यागणिक कापडाला घासून विरतो, गुंततो आणि मध्येच तुटतो. धावदोऱ्याचे टाके बारीक हवेत, इंचाला सात-आठ. शिवणीच्या सुरुवातीला आणि शेवटी एक-दोन उलटे टाके घातले की गाठीवर भार येत नाही. मध्ये दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटा टाका टाकण्याची सवय असलेल्या हाताची शिवण वर्षानुवर्षे उसवत नाही.

शिवणीच्या दोन्ही पाकळ्या एकाच बाजूला, शक्यतो गडद तुकड्याकडे वळवतात. फिक्या कापडाखाली गडद कड गेली तर ती वरून सावलीसारखी दिसते. पहिल्या ओळीच्या पाकळ्या डावीकडे वळवल्या असतील तर दुसऱ्या ओळीच्या उजवीकडे वळवायच्या. त्यामुळे चार कोपरे जेथे भेटतात तेथे जाडीचा गोळा होत नाही आणि कोपरेही एकमेकांत अचूक बसतात. चार कोपरे एका बिंदूत मिळाले की नाही, हे पाहूनच जोडणारीचा हात ओळखतात. त्रिकोणांचे काम याहून कठीण आहे. त्रिकोणाची एक बाजू उरेब, म्हणजे सुताला तिरकी जाते आणि उरेब कापड नुसत्या हाताच्या ओढीनेही लांबते. म्हणून ती बाजू न ताणता, टाचण्या लावून, चौकोनांपेक्षा बारीक टाक्यांनी शिवावी लागते. नवशिक्याने त्रिकोणाच्या वाटेला जाऊ नये हे बरे.

थर आणि धावदोरा

वरचे कापड तयार झाल्यावर गोधडी ‘पसरण्याचे’ काम येते. याला मोकळी जागा लागते. अंगण, ओसरी किंवा गच्ची. खाली एक अखंड कापड, त्यावर आतले थर आणि सर्वांत वर जोडकाम. सुरकुती राहू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड किंवा पाण्याने भरलेले तांबे ठेवतात. मग लांब लांब कच्च्या टाक्यांनी सर्व थर तात्पुरते धरून ठेवतात आणि त्यानंतर खरा धावदोरा सुरू होतो. कडेच्या पट्टीला साडीचे काठ वापरतात, कारण साडीत सर्वांत घट्ट विणलेला भाग काठाचा असतो आणि गोधडी सर्वांत आधी कडेलाच झिजते. कित्येक ठिकाणी टाक्यांच्या ओळी कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन करीत मध्याकडे जातात. दोन-तीन बायका तीन बाजूंना बसून एकाच वेळी शिवू शकतात, ही त्यातली सोय. दुपारची कामे उरकल्यावर बसलेल्या या मंडळात गावची सारी खबरबात शिवली जाई, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

आतल्या थरांचे गणित मात्र कोणी फारसे मांडलेले दिसत नाही. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्याच्या पावणेसात फुटांच्या चार घड्या पडतात. म्हणजे एका माणसाच्या गोधडीचे आतले चारही थर एकाच लुगड्यातून निघतात. वर-खाली दोन कापडे घातली की सहा थरांची, दीड-पावणेदोन किलो वजनाची, मराठवाड्याच्या थंडीला पुरेशी गोधडी तयार होते. सहावारी साडीच्या सहा फुटांच्या तीनच घड्या होतात. लुगडे गेले आणि साडी आली तेव्हा गोधडीचा एक थर घटला. पंजाबी ड्रेस आणि गाऊन आल्यावर तर आत घालायला सलग कापडच उरले नाही.

कापड बदलले

लांबीपेक्षाही मोठा बदल सुताचा आहे. मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवरची सुती लुगडी आणि मुंबईच्या गिरण्यांची धोतरे, चादरी हे गोधडीचे मूळ भांडवल होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. १९८५ च्या केंद्रीय वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली. स्वस्त, न चुरगळणारी, लवकर वाळणारी सुरतेची छापील साडी खेड्यापाड्यांत पोहोचली आणि ती शेतात राबणाऱ्या बाईने आनंदाने स्वीकारली. तिला दोष देता येणार नाही. ओले सुती लुगडे पिळून वाळवण्याचे कष्ट तिनेच काढलेले होते. जेथे शिवारभर पांढरा कापूस पिकतो, त्याच मराठवाड्यात अंगावरचे कापड पॉलिस्टरचे झाले, हा विरोधाभास तेवढा नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

गोधडीला मात्र हे कापड मानवले नाही. सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. झोपेतला घाम सुती गोधडी शोषते आणि सकाळी उन्हात टाकली की सोडते. पॉलिस्टरची गोधडी आतून दमट आणि बाहेरून थंड लागते. तिचे थर एकमेकांवरून सरकतात, बारीक सुई अडते आणि धावदोऱ्याच्या ओळीत चुण्या पडतात. शिवाय सुती कापड वर्षांगणिक मऊ होत जाते, पॉलिस्टर होत नाही. चुलीजवळ झोपणाऱ्या घरात आणखी एक धोका असतो. ठिणगी पडली तर सुती कापड जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघणारी ऊसतोड कुटुंबे थंडीचे सारे महिने फडाशेजारच्या कोपीत काढतात. त्यांच्या बिऱ्हाडात गोधड्या असतातच, आणि चूलही हाताच्या अंतरावर असते.

दुसरी अडचण जुन्याच काळापासूनची आहे. वापरलेल्या साडीवर दोघींचा डोळा असे. गोधडी शिवणाऱ्या सासूचा आणि दारावर येणाऱ्या बोहारणीचा. चांगल्या कापडावर भांडे मिळे, विरलेल्यावर मिळत नसे. त्यामुळे काठापदराच्या बऱ्या साड्या पातेल्यांच्या रूपाने फळीवर गेल्या आणि गोधडीच्या वाट्याला उरलेसुरले आले. तरीही त्या उरल्यासुरल्यातून जे उभे राहिले ते पाहिले की घरातील कापडाचा हिशेब किती काटेकोर होता हे समजते. गोधडी जुनी झाली की ती नव्या गोधडीचा आतला थर होई. त्यानंतर गोठ्यातल्या वासराच्या पाठीवर जाई, त्यानंतर उंबऱ्याशी पायपुसणे आणि सर्वांत शेवटी जमीन सारवण्याचे पोतेरे होई.

किती टाके, किती दाम

हातच्या गोधडीची किंमत ऐकून शहरी गिऱ्हाईक नेहमी चमकते. बचत गटांच्या प्रदर्शनांत हा प्रसंग वारंवार घडतो. ‘जुन्या कापडाचे एवढे पैसे?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर टाके मोजावे लागतील.

चार फूट रुंद, सहा फूट लांब अशी एका माणसाची गोधडी घेऊ. एक फुटाचे चोवीस ब्लॉक, प्रत्येकात नऊ तुकडे, म्हणजे एकूण २१६ तुकडे. हे तुकडे आणि ब्लॉक एकमेकांना जोडणाऱ्या शिवणींची लांबी सुमारे १४२ फूट भरते. इंचाला आठ टाके धरले तर साडेतेरा हजारांवर टाके केवळ जोडकामाचे होतात. त्यानंतरचा धावदोरा अर्ध्या इंचाच्या अंतराने घातला, तर सहा फुटांच्या ९६ ओळी, म्हणजे ५७६ फूट शिवण. त्याला इंचाला चार टाके पुरतात. ते होतात सुमारे साडेसत्तावीस हजार. दोन्ही मिळून टाक्यांची संख्या एकेचाळीस हजारांच्या घरात जाते. मिनिटाला दहा टाके असा वेग धरला तर हे ६९ तासांचे काम आहे. रोज आठ तास बसले तरी साडेआठ दिवस लागतील. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. त्या दराने केवळ हातांची मजुरी अडीच हजार रुपयांवर जाते. कापड, दोरा, साचा, धुणे, पसरणे आणि वाया गेलेले तुकडे यात धरलेले नाहीत.

मशीनवर हेच काम काही तासांत होते. बाजारात गोधडी म्हणून मिळणारा बराच माल मशीनवरचा असतो आणि त्यात गैर काही नाही. स्वस्तात ऊब मिळते. दोहोंत फरक मात्र आहे. मशीनचा दुहेरी दोरा थरांना सलग रेषेत आवळून टाकतो. हाताचा धावदोरा एक घास वर, एक घास खाली असा जातो आणि दोन टाक्यांमध्ये कापड सैल राहते. त्या सैलपणात हवा राहते, आणि गोधडीचा मऊपणाही त्यातलाच. तेव्हा हातच्या गोधडीची बरोबरी मशीनच्या गोधडीशी करून भाव पाडणे न्यायाचे नाही. उलट मशीनची गोधडी ‘हातची’ म्हणून विकली जाते, तेव्हा खऱ्या हातशिलाईवाल्या बाईचा भाव आपोआप पडतो. ओळखण्याची खूण साधी आहे. गोधडी उलटी करून पाहावी. हातच्या धावदोऱ्यात टाका आणि मोकळी जागा आलटून पालटून दिसतात, लांबीत किंचित उणे-अधिक असते. मशीनची रेघ दोन्ही बाजूंनी अखंड असते.

पूर्वी हा हिशेब मांडण्याची वेळच येत नसे, कारण हे ६९ तास कोणाच्याच खात्यावर नव्हते. ते दुपारच्या विसाव्यातून, रात्रीच्या कंदिलाच्या उजेडातून काढलेले होते आणि घरातल्या बाईचा वेळ फुकट धरण्याची रीत होती. गोधडी ‘टाकाऊतून टिकाऊ’ आणि म्हणून स्वस्त, ही समजूत तेथून आली. आज तीच बाई बचत गटाच्या टेबलामागे उभी राहून पैसे मागते तेव्हा ती नवे काही मागत नाही. जुनाच हिशेब प्रथमच कागदावर येत आहे.

बाहेरच्या जगात

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतमजुरांची वस्ती आहे. तेथील स्त्रिया झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून, जीनच्या पँटींतून गोधड्या जोडत आल्या. १९६६ साली नागरी हक्क चळवळीच्या काळात त्या परिसरातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, नंतर ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेले आणि २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. गोधड्या त्याच होत्या. भिंतीवर टांगल्यावर त्यांच्याकडे कला म्हणून पाहिले गेले.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले आणि आज ते कोकणीच्या जवळची बोली बोलतात. त्यांच्या गोधडीला ‘कवंडी’ म्हणतात. ती एका कोपऱ्यापासून सुरू होते आणि तुकडे लावत, टाके घालत कडेकडेने फिरत मध्यावर संपते. शेवटी चार कोपऱ्यांना घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुला’ लावतात. ती नसतील तर कवंडी उघडी समजली जाते. २००४ साली या स्त्रियांची गोधडी सहकारी संस्था उभी राहिली. बिहारच्या सुजनी कामाला २००६ मध्ये आणि पश्चिम बंगालच्या नक्षी कांथाला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मराठी गोधडीची सविस्तर नोंद गीता खंडेलवाल यांनी ‘गोधडीज ऑफ महाराष्ट्र’ या इंग्रजी ग्रंथात २०१३ मध्ये केली. तो प्रसिद्ध केला फ्रान्समधील एका प्रकाशनाने. मराठी वाचकाने यावर हसावे की खंत करावी, हे त्याचे त्याने ठरवावे.

घरी सुरुवात करायची तर

फ्लॅटमध्ये अंगण नाही आणि सहा फुटांची गोधडी पसरायला जागा नाही, ही अडचण खरी आहे. ब्लॉकचे काम मात्र मांडीवर होते. एका वेळी नऊच तुकडे, सुई, दोरा आणि लहान कात्री एवढे साहित्य पिशवीत मावते. शिंप्याकडे ब्लाऊज टाकताना उरलेले अस्तर मागून घ्यावे. ते बहुधा सुतीच असते. सुती की कृत्रिम अशी शंका असेल तर एक सूत काढून, ताटलीवर चिमट्यात धरून, काडीच्या ज्योतीला लावून पाहावे. कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. कडक काळा मणी राहिला तर कृत्रिम. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात.

पहिल्यांदा मोठ्या गोधडीचा घाट न घालता दोन फूट बाय तीन फुटांचे दुपटे करावे. सहा ब्लॉक, ५४ तुकडे. आत जुन्या सुती साडीचे दोन थर पुरतात. पक्क्या रंगाचेच तुकडे घ्यावेत. लाल आणि गडद निळे कापड वापरण्यापूर्वी ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिले की रंग सुटतो की नाही ते कळते. बाळाच्या दुपट्यावर टिकल्या, आरसे, बटणे लावू नयेत, आणि गाठी कापडाच्या थरांत ओढून घ्याव्यात.

धुण्याचा प्रश्न सर्वांना पडतो. ओली गोधडी कोरडीच्या कित्येक पट जड होते, त्यामुळे दोरीवर एका बाजूने लोंबकळत ठेवली की शिवणी ताणतात. दोन दोऱ्यांवर पसरून, मध्ये उलटून वाळवावी. गावाकडे घटस्थापनेपूर्वी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे नदीवर जात. पाऊस ओसरलेला, ऊन कडक आणि पाणी भरपूर, असा तो हंगाम असे. आजही वर्षातून एकदा गोधडी धुवायची असेल तर तेच दिवस योग्य. वाळल्यावर ती उजेडापुढे धरावी. जेथे सूत विरळ दिसेल तेथे, पूर्ण फाटण्याआधीच, त्याच मापाचा नवा तुकडा कडा दुमडून वरून लावावा. जुना तुकडा उसवून काढू नये. तो खाली तसाच राहू द्यावा.